मिशन ट्रिपवरून ग्रुप फोटो दोनशे आले, मैत्री एकही नाही

खिडकीजवळची (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आमच्या मंडळीतर्फे (म्हणजे चर्चतर्फे) दहा दिवसांच्या मिशन ट्रिपला गेले होते. आम्ही चौदा जण. सकाळी शाळेच्या भिंती रंगवायच्या, दुपारी मुलांसाठी व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), संध्याकाळी घरभेटी, गीतं, प्रार्थना. काम छान झालं, खोटं कशाला बोलू. शेवटच्या रात्री सगळे गोल बसून रडलो, "आपण आता फॅमिली" वगैरे झालं, व्हॉट्सॅप ग्रुपचं नावसुद्धा फॅमिली ठेवलं. त्या ग्रुपवर आता वाढदिवस आणि फॉरवर्ड एवढंच येतं.

ट्रिपनंतर दोन महिन्यांनी बाबा आजारी पडले तेव्हा मी ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकली. तेरा जणांचे तेरा जोडलेले हात आले, फोन एकाचाही नाही. आधी वाईट वाटलं, मग हिशोब केला तर मी तरी यातल्या कुणाला कधी फोन केला होता? एकीच्या शेजारच्या पलंगावर दहा रात्री झोपले पण तिच्या घरी कोण कोण असतं हे मला ठाऊक नाही. ती घोरते एवढंच ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात परत जातेय, आणि लीडरने यावेळी जोड्या लावल्यात. माझी जोडी कुणाशी? बरोब्बर. तिच्याशीच.

तर प्रश्न असा की अशा प्रवासात मैत्री खोलवर कशी जाते? तुमच्यापैकी कुणाची गेली आहे का? की ती आपोआप होते आणि मीच उगाच मागे लागलेय?

---

शेवटचा_बाक

आधी कानात घालायचे बोळे घ्या. बाकी चर्चा नंतर.

---

सावकाश

प्रामाणिक लिहिलंय, आवडलं. ते तेरा जोडलेले हात वाचून कससंच झालं कारण मी स्वतः असे हात दिवसाला चार पाठवतो.

---

आकडेमोड

यावर चक्क संशोधन आहे. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २०१८ साली मांडलं होतं की ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, बऱ्यापैकी मित्र म्हणायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता तुमचं गणित करू. दहा दिवस, रोज जागेपणीचे सोळा तास धरले तर १६० होतात, म्हणजे ९० चा टप्पा कधीच पार व्हायला हवा होता.

पण त्यातच पुढे एक गोम आहे. नुसतं एका ठिकाणी काम करत घालवलेले तास फारसे मोजले जात नाहीत. काही कारण नसताना एकत्र बसलेले, गप्पा मारलेले, टवाळक्या केलेले तास मोजले जातात. तुमचं वेळापत्रक वाचून मला प्रश्न पडला की त्यात रिकामा वेळ होता कुठे?

---

खिडकीजवळची

@आकडेमोड, नव्हताच! सकाळी साडेपाचला भक्ती, रात्री साडेदहाला प्रार्थना, मधे प्रत्येक पंधरा मिनिटांचं काहीतरी ठरलेलं. बसमध्ये वेळ असायचा पण तिथे सगळे झोपायचे नाहीतर हेडफोन लावायचे. मीपण. आयडी बघा माझा :)

---

रोखठोक

जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मिशन ट्रिप मित्र जोडायला असते का? ज्यांच्यासाठी गेलात त्यांचा या धाग्यात अजून उल्लेखच नाही. भिंती रंगवल्या, मुलांना गोष्टी सांगितल्या, आणि आता चर्चा कशाची, तर बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं. मैत्री हवी तर सहलीला जा ना.

---

मीठ_आणि_प्रकाश

@रोखठोक, थोडं खरं आहे पण निम्मंच. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने बारा जणांना दोघा-दोघांनी पाठवलं. लूकच्या दहाव्यात सत्तर जणांना पाठवलं (काही प्रतींमध्ये बहात्तर आहेत, तो वाद इथे नको), तेही दोघा-दोघांनीच. एकेकटे पाठवले असते तर दुप्पट गावं झाली असती की! म्हणजे सोबत ही कामाच्या आत धरलेलीच होती.

आणि ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याबद्दल म्हणाल तर त्याच अध्यायात एक सूचना आहे जी कुणीच पाळत नाही. ज्या घरी उतराल तिथेच राहा, ते देतील ते खा-प्या, घरोघर फिरत बसू नका. आपण काय करतो? एका संध्याकाळी आठ घरं, प्रत्येक घरी वीस मिनिटं, प्रार्थना, फोटो, पुढचं घर. मी असल्या तीन ट्रिपा केल्या आणि तिन्ही मिळून मला एकाही यजमानाचं नाव आज आठवत नाही. चौथ्या वेळी पाय मुरगळला म्हणून पाच दिवस एकाच घरात पडून राहिले, त्या घरातल्या आजींशी आजही बोलणं होतं. सेवा करायला गेले होते मी आणि शेकत होत्या त्या.

---

रोखठोक

@मीठ_आणि_प्रकाश, पायाचा किस्सा भारी. माघार घेत नाही पण आवाज कमी करतो.

---

शेवटचा_बाक

निष्कर्ष: मैत्रीसाठी पाय मुरगळून घ्यावा.

---

निमूट

लीडर लोकांनी हे जरूर वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मुळात कमी बोलणारा. आमच्या ट्रिपवर पहिल्याच रात्री "चला, प्रत्येकाने आपली साक्ष सांगा, मन मोकळं करा" असं झालं (साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यातला देवाचा अनुभव). एकीने सगळ्यांसमोर घरातली खूप खाजगी गोष्ट सांगितली, रडली, बाकीचे रडले, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. मग माझा नंबर. माझ्याकडे तेवढं जड काही नव्हतं, आणि जे होतं ते बारा अनोळखी माणसांपुढे काढायची इच्छा नव्हती. मी दोन वाक्यं बोललो आणि पुढचे आठ दिवस "तू अजून उघडत नाहीयेस ब्रदर" हे ऐकत फिरलो. मी काय डबा आहे का?

आणि जिने सगळं सांगितलं होतं, ती दुसऱ्या दिवसापासून माझ्यासारखीच गप्प. नंतर एकदा भांडी घासताना मला म्हणाली की रात्री बोलून गेले आणि सकाळी सगळ्यांचे चेहरे बघून वाटलं की आता यांना माझ्याबद्दल हे माहीत आहे आणि मला यांच्याबद्दल काहीच माहीत नाही. तिचं हे बोलणं मला त्या रात्रीच्या साक्षीपेक्षा जास्त खरं वाटलं. त्या भांड्यांपाशी आम्ही दोघं रोज भेटायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं. हात कामात असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, माझ्यासारख्याला तेच बरं पडतं. आज सहा वर्षं झाली, तिच्या मुलाचा मी गॉडफादर (बाप्तिस्म्यातला धर्मपिता) आहे.

---

सावकाश

"मी काय डबा आहे का" _/\_ दंडवत.

---

दुसरी_घंटा

मी ख्रिस्ती नाही, मधे बोललेलं चालेल ना? डोंगरात भटकायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हे असंच्या असंच होतं. वर पोचल्यावर सगळे एकमेकांचे जानी दोस्त, खाली उतरलं की कोण तू आणि कोण मी. माझा अनुभव असा की घट्ट मैत्री त्यांच्याशीच झाली ज्यांच्याशी वाटेत वाजलं. एकीशी पाण्याच्या बाटलीवरून अशी जुंपली होती की अर्धा डोंगर अबोला होता.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे अशा प्रवासात भांडण झालेलं चालतं का? की सगळ्यांनी सतत गोडच राहायचं असतं?

---

जुनी_वही

@दुसरी_घंटा ताई, अवश्य बोला, आणि फार मोक्याचा प्रश्न विचारलात. आमच्याकडे भांडण चालत नाही असं समजणाऱ्यांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक नीट वाचलेलं नसतं.

पौल आणि बर्णबा हे मिशन प्रवासातले पहिले मोठे जोडीदार. येरुशलेममधले शिष्य पौलाला घाबरत होते, विश्वास ठेवत नव्हते, तेव्हा त्याचा हात धरून आत नेणारा हाच बर्णबा. पहिल्या प्रवासाला त्यांनी योहान मार्क या तरुण मुलाला मदतीला घेतलं आणि तो पंफुलियातून अर्ध्या वाटेवरून घरी परतला. का परतला ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला त्याला परत घेऊ, पौल म्हणाला जो सोडून गेला त्याला मी नेणार नाही. पंधराव्या अध्यायाच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय की इतका तीव्र मतभेद झाला की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला (सायप्रसला) गेला आणि पौल सीलाला घेऊन सिरिया, किलिकियाकडे. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते झाकून ठेवलं नाही, याचं मला कायम कौतुक वाटतं. आपण ट्रिपचा अहवाल लिहिताना असं लिहू का?

पण वही इथे मिटत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात मार्क पौलासोबत दिसतो, तिथेच कळतं की तो बर्णबाचा भाऊबंद होता, म्हणजे घरचाच मामला होता. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, एकटा पडलेला पौल सांगतो की येताना मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ज्याला टीममधून काढलं त्यालाच शेवटी बोलावणं.

माझं स्वतःचं सांगायचं तर, पंचवीस वर्षांपूर्वी एका ट्रिपवर सामानाच्या यादीवरून मी एका सहकाऱ्याला चारचौघांत बोललो. चूक माझी होती. माफी मागायला मला अकरा महिने लागले, आणि तोपर्यंत त्यांची बदली झाली होती. फोनवर मागितली. ते म्हणाले, "कसली यादी?" विसरले होते की मला सोडवण्यासाठी तसं म्हणाले, अजून कळलेलं नाही.

---

मीठ_आणि_प्रकाश

काका __/\__

---

दुसरी_घंटा

@जुनी_वही, हे काहीच माहीत नव्हतं. धन्यवाद. बाटलीवाली आता माझी वहिनी आहे, सांगायचं राहिलं.

---

शेवटचा_बाक

हा धागा लग्नाकडे चाललाय. आमच्या ट्रिपला तर लेखी नियम होता की प्रवास संपेपर्यंत नवीन प्रेमप्रकरण सुरू करायचं नाही. दोघांनी नियम तंतोतंत पाळला, परतीची बस थांबल्यावर चौथ्या मिनिटाला विचारलं.

---

सावकाश

मग काय म्हणाली?

---

शेवटचा_बाक

"आधी सामान उतरव" म्हणाली. आता दोन मुलं आहेत, अजून सामान उतरवतोय.

---

टीमला_मोजा (माजी लीडर)

सहा ट्रिपा नेल्यात, त्यातल्या पहिल्या तीन @निमूट यांनी सांगितल्या तशाच. पहिल्याच रात्री साक्षी, खच्चून भरलेलं वेळापत्रक, शेवटच्या रात्री रडारड. चूक कबूल.

नंतर बदललं ते सांगतो. सगळ्यात मोठा बदल म्हणजे दुपारचे दोन तास कोरे सोडले. समितीला ते आवडलं नाही, लोकांनी देणग्या दिल्यात आणि तुम्ही झोपा काढणार का, असं ऐकावं लागलं. पण दुसऱ्या दिवशीच बघितलं की कुणी सावलीत पत्ते खेळतंय, कुणी यजमानांच्या अंगणात शेंगा सोलायला बसलंय. बसमध्ये रोज जागा बदलायच्या, खिडकी कायमची कुणाचीच नाही (सॉरी धागाकर्ती). फोन काढून घ्यायचा प्रयोग एकदा केला, सपशेल फसला, सगळे माझ्यावर चिडून एकत्र आले. तीही मैत्रीच म्हणा. साक्षी ठेवल्या, पण सहाव्या-सातव्या दिवशी आणि ज्याला वाटेल त्यानेच.

जोडीचं काम साधं असतं. सकाळी एकमेकांना विचारायचं की झोप लागली का, पोट ठीक आहे का, आणि आज कशाची भीती वाटतेय. तिसरा प्रश्न पहिले चार दिवस कुणी विचारत नाही. पोटाचा प्रश्न मात्र माणसांना फार लवकर जवळ आणतो, अनुभवाने सांगतो.

आणि एक गोष्ट जी गंभीरपणे घ्यावी. तिथल्या मुलांशी मैत्री म्हणून त्यांचे नंबर घेणं, परस्पर मेसेज करणं, पालकांना न विचारता फोटो टाकणं, हे आमच्याकडे पूर्ण बंद आहे. मुलांशी संपर्क ठेवायचा तो तिथल्या मंडळीच्या जबाबदार माणसांमार्फतच. आणि "मी परत येईन" हे वाक्य मुलांना बोलायचं नाही, परत यायचं पक्कं असल्याशिवाय. आपण बसमध्ये बसून विसरतो, ती मुलं महिनाभर रस्त्याकडे बघतात. हे मला तिथल्या एका शिक्षिकेने तोंडावर सुनावलं होतं.

---

रोखठोक

शेवटच्या परिच्छेदासाठी उभा राहून टाळ्या.

---

आकडेमोड

दुपारच्या कोऱ्या दोन तासांना +१. अवांतर: आर्थर एरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांना एकमेकांना विचारायला ३६ प्रश्न दिले होते, हळूहळू जास्त खाजगी होत जाणारे. पाऊण तासात जवळीक वाढलेली दिसली. त्यातली खुबी अशी की दोघांनीही उत्तर द्यायचं असतं, आळीपाळीने. @निमूट यांच्या त्या मैत्रिणीचं नेमकं हेच झालं नव्हतं, तिने सगळं दिलं आणि समोरून काहीच आलं नाही. धागाकर्ती, ते प्रश्न छापून नेऊ शकता.

---

जहाजी

उशिरा आलो. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली १७३५ मध्ये जहाजाने अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाले होते, स्वतः मिशनरी म्हणूनच. जहाजावर मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाचे सव्वीस जर्मन होते. वेस्लींनी त्यांच्याशी बोलता यावं म्हणून जहाजावरच जर्मन शिकायला सुरुवात केली! सहप्रवाशांची जी हलकी कामं इंग्रज लोक करायला तयार नव्हते ती हे जर्मन करायचे, पैसे न घेता, हे त्यांनी रोजनिशीत टिपलंय. जानेवारी १७३६ मध्ये वादळात शीड फाटलं, बाकीचे किंचाळत होते आणि ही माणसं स्तोत्र म्हणत राहिली, वेस्ली मात्र मरणाला भ्यायले होते आणि तेही त्यांनी लपवलं नाही. वादळाची गोष्ट सगळे सांगतात. मला ते जर्मन शिकणं जास्त आवडतं, शेजारच्या माणसाशी बोलता यावं म्हणून अख्खी भाषा शिकायला घ्यायची. आपण हेडफोन काढत नाही.

---

खिडकीजवळची

@जहाजी, लागलं बरं का. @टीमला_मोजा, खिडकी सोडायची तयारी आहे. सगळ्यांचे आभार, परवा निघतेय. ३६ प्रश्न छापलेत, कानात घालायचे बोळेही घेतलेत.

---

जुनी_वही

सुखरूप जा पोरी. परत आल्यावर पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून वाच. लोक तो कंटाळवाणा म्हणून सोडतात कारण त्यात नुसता माणसांना सलाम आहे, पंचवीसएक नावं आहेत. पण बघ, कितीतरी नावांपुढे काहीतरी त्या माणसापुरतंच लिहिलंय. ही माझ्यासोबत राबली, हे माझ्यासोबत कैदेत होते, रूफाची आई मलाही आईसारखी आहे. त्या काळी एकच पत्र सगळ्यांना वाचून दाखवायचे, म्हणजे तो ग्रुप मेसेजच की. पण त्यात जोडलेले हात नाहीत.

---

*(तीन आठवड्यांनी)*

खिडकीजवळची

आले परत. धागा वर काढतेय.

३६ प्रश्नांचा कागद पहिल्याच दिवशी रंगाच्या डब्यात पडला. दुसरी प्रत नव्हती. सकाळचा "झोप लागली का" हा प्रश्न मी तिला विचारला तर ती म्हणाली, "मला लागली, तुला लागली नसणार, मला माहितीये मी घोरते, गेल्या वर्षी तू सकाळी कशी दिसायचीस ते बघायचे आणि लाज वाटायची म्हणून बोलायचेच नाही." मी बघतच राहिले. मला वाटायचं तिला मी आवडत नाही.

सगळं काही गोडगोड झालं नाही. चौथ्या दिवशी आमचं वाजलं, घरभेटींवरून. मला @मीठ_आणि_प्रकाश यांचं वाचून एकाच घरी थांबायचं होतं, तिला यादी पूर्ण करायची होती, कारण यादीतल्या लोकांना आदल्या दिवशी निरोप गेला होता आणि ते वाट बघत असणार. तिचं बरोबर होतं. संध्याकाळभर मी फुगून बसले, रात्री तीच म्हणाली की उद्या यादी लहान करून घेऊ या का लीडरकडून. केली. दोनच घरं. दुसऱ्या घरात आम्ही तीन तास होतो, त्यातला दीड तास त्यांचं कपाट हलवण्यात गेला.

परतीच्या वाटेवर बस बंद पडली, साडेचार तास. कुणाकडे चार्जिंग उरलं नव्हतं. तिने मला तिच्या भावाबद्दल सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. मी बाबांच्या आजारपणाचं सांगितलं. ती म्हणाली की तुझा तो मेसेज आला तेव्हा मी फोन हातात घेतला होता, मग वाटलं आपली एवढी कुठे ओळख आहे, आणि हात जोडले.

काल तिने फोन केला होता. विशेष काही नाही, ट्रिपवरची एक चादर बदलली गेलीये त्याबद्दल. पन्नास मिनिटं बोललो.

शनिवारी ती घरी येतेय. या धाग्याचं तिला सांगितलेलं नाही. दाखवू का? पहिल्याच पोस्टमध्ये घोरण्याचं आहे.

---

निमूट

दाखवा.

---

शेवटचा_बाक

माझा पहिला प्रतिसाद तेवढा ॲडमिनला सांगून उडवता येईल का?